पाच घरांचं रिव्हॉल्व्हर

घर पहिलं

(रिकामं.)


घर दुसरं

शिपाई भिकनच्या डाव्या टाचेतून गोळी आरपार गेली आणि ती त्याच्याच कमरेच्या रिव्हॉल्व्हरची होती, एवढ्या दोन गोष्टींवर शहागंजचा सगळा बाजार आठ दिवस हसला. साध्या कपड्यांत होता तो. धोतर, बंडी, डोक्याला मुंडासं. खिसेकापूच्या मागावर. पेरूच्या गाडीपाशी वाकला तेव्हा कमरेत खोचलेलं आखूड रिव्हॉल्व्हर निसटलं, फरशीवर उलटं आपटलं आणि वाजलं. ज्याच्या मागावर होता तो खिसेकापूच म्हणे सगळ्यांत आधी मदतीला धावला, आणि जाताना भिकनचं मुंडासं घेऊन गेला.

साल १९५३. निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं होत आली होती. पोलीस ॲक्शननंतर खात्यात नवे शिपाई भरले, त्यांत सोयगावकडच्या मेंढपाळांच्या वाडीतला भिकन पहिला. त्याच्याआधी त्या वाडीत खाकी कापड शिरायचं ते फक्त वॉरंट घेऊन.

चौकशीचा कागद आला तो पुंजारामनं वाचून दाखवला. पुंजाराम पोलीस लाइनीतला शेजारी, हेडक्वार्टरच्या फाटकावर पहाऱ्याला असायचा.

"वहिनी, मी वाचलं असं कुणाला सांगू नका," असं म्हणत त्यानं सगळ्या लाइनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचलं: "रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांच्या घरांपैकी एक रिकामे ठेवण्याचा नियम असता, सदर शिपायाने सर्व घरे भरली. सबब हत्यार पडताच गोळी सुटली. सदर शिपाई हलगर्जी."

"मंग?" बानाबाईनं विचारलं. भिकनची बायको ती. उंच, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या हातांकडं बघायची सवय.

"मंग काय. पुढल्या सोमवारी चौकशी. शाबीत झालं का बडतर्फ. वर्दी जमा, खोली खाली, आन् चला मेंढरांमागं."

मेंढरांची तिला लाज नव्हती. जन्मच त्यांच्यामागं गेला होता. पण तो शब्द तिला गिळेना. हलगर्जी! जो माणूस चुलीतला विस्तव विझला का ते तीनदा उठून बघतो, कडी लावल्यावर दार ओढून बघतो, तो हलगर्जी?

दवाखान्यात भिकन भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"बाने, पाचच घातल्या होत्या ग. पाचाच्या वर एक घातली असंल तर हात झडंल माझा."

"आन् ते म्हणतात सगळी घरं भरलेली."

"भरलेलीच होती. पडल्यावर मी बघितलं ना. चार जित्या, एक वाजलेली. रिकामं घर नव्हतंच."

"आन् तुमी पाचच घातल्या?"

"पाचच."

त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. म्हणाला, "हवालदाराला सांग, एक गोळी आपोआप उगवली म्हणून." भिकननं चादर तोंडावर ओढली.

बानाबाई हसली नाही. नवरा खोटं बोलायला किती कच्चा आहे हे तिला ठाऊक होतं; नऊ वर्षांत दोनदा बोलला होता, आणि दोन्ही वेळा ताटावर बसायच्या आत सापडला होता. म्हणजे पाचच घातल्या हे खरं. सगळी घरं भरली होती हेही खरं. दोन्ही खरं असेल तर मधे काहीतरी आहे, आणि ते माणसात नसेल तर त्या लोखंडात आहे.

सोमवारला सहा दिवस होते.


घर तिसरं

हेडक्वार्टरातल्या हत्यारांच्या खोलीला कोत म्हणायचे. दगडी खोली, एकच दार, दाराबाहेर ओटा. ओट्यावर पोतं अंथरून फकिरा हवालदार दिवसभर हत्यारं पुसायचा. अजिंठ्याकडचा माणूस. निजामाच्या वेळेपासून हेच काम. उर्दू पाण्यासारखी वाचायचा, मराठी अक्षर मात्र सुतारकाम केल्यासारखं ठोकून ठोकून काढायचा. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. आखूड रिव्हॉल्व्हर भिकनला त्यानंच दिलं होतं, आणि सोमवारी खात्यातर्फे साक्षही त्याचीच होती.

"आत बायकांना मनाई हाय," तो म्हणाला.

"आत कुठं आले मी? ओटा भाईरच हाय."

"पुंजाराम! हिला आत सोडलं कुणी?"

"मी अडवलं हवालदारसाहेब," पुंजाराम फाटकातून ओरडला. "ती थांबली नाय."

पहिला दिवस ती नुसती बसली. दुसऱ्या दिवशी लोकर आणि चाती घेऊन आली आणि सूत कातत बसली. फकिरानं तिच्याकडं पाठ फिरवली, मग कूस बदलली, मग खाकरला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं हातातली चिंधी खाली ठेवली.

"अरे क्या होना तेरेकू? बोल तर!"

"ते कसं बनवलंय ते सांगा."

"तुला काय करायचंय?"

"मामा, घरात इंचू निघाला तर नांगी कुठं हाय ते बघतोच ना आपण?"

कुणी मामा म्हटलं म्हणून तो पाघळला असं नाही. पण तीस वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शिपाई विचारायचे ते एवढंच, की आज पुसावं लागंल का.

त्यानं आतून दोन रिव्हॉल्व्हरं आणून पोत्यावर ठेवली. एक लांब, वीतभर नळीचं. दुसरं आखूड, मुठीबाहेर नळीचं नाकच काय ते दिसणारं.

"हे थोरलं. लष्करी चालीचं. कमरेला पट्टा, पट्ट्याला चामड्याचं घर, त्यात हे. दुरून दिसतं. दिसायलाच पायजे, वर्दीवाल्याचं हाय. आता मला सांग, साध्या कपड्यातल्या पोलिसानं हे कुठं लपवायचं? धोतरात?"

"पडंल की."

"पडंल, आन् धोतरासकट पडंल." तो पहिल्यांदा हसला. "म्हणून हे धाकटं. लई जुनी जात हाय ही. विलायतेच्या बाजूला आयर्लंड म्हणून मुलूख हाय. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांमागं तिथल्या पोलिसांना सरकारनं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर दिलं. त्याच्यावरून मग खिशात मावणारं निघालं. बुलडॉग म्हणायचे. आखूड नाक, जाड मान, चावा मोठा. ते एवढं चाललं का मुलखामुलखात नकला निघाल्या. नकलेवर कारखान्याचं नाव नाय, गाव नाय. हे बघ, हेच्यावर हाय का काही? पोलीस ॲक्शननंतर लोकांनी हत्यारं जमा केली ना, त्यात असली टोपलीभर आली. त्यातली आठ धड निघाली. मी दुरुस्त केली. साध्या कपड्यातल्या लोकांना दिली. तुझा नवरा पयला."

"आन् आखूड केलं म्हंजी नुसती नळी कापली?"

फकिरानं चष्मा वर केला. हा प्रश्न त्याला आवडला.

"नुसती नळी कापून भागत असतं तर सुतारानंबी केलं असतं. हे बघ. मूठ खालून गोल केली, बंडीला टोक दिसू नये म्हणून. घोड्याचं शिंग घासून बसकं केलं, उपसताना कापडात अडकू नये म्हणून. घोडा म्हंजी हा, पुढं येऊन काडतुसाच्या बुडावर आपटतो तो. नळी आखूड म्हणून नेम कच्चा; दहा पावलांच्या पुढं देवाची मर्जी. जाळ मोठा, आवाज मोठा. पण खिशात मावतं. काही घ्यायचं तर काही सोडायचं, असा हिशेब हाय सगळा."

बानाबाईची चाती थांबली होती. ती दोन्हीकडं आळीपाळीनं बघत होती.

"थोरलं उघडा."

त्यानं थोरलं मधोमध मोडलं. नळी खाली झुकली आणि मागची चाकी सगळी उघडी पडली. सहा गोल भोकं, पोळ्यातल्या घरांसारखी, एका नजरेत.

"आता धाकटं."

"हे मोडत नाय. अंग सलग हाय, म्हणून तर दणकट. हेला बाजूला खिडकी हाय." त्यानं अंगठ्यानं एक बारकं झाकण बाजूला केलं. आत एकच भोक दिसलं. त्यानं चाकी फिरवली, टक्. दुसरं भोक खिडकीत आलं. "एकेक घर समोर येतं, एकेक काडतूस घालायचं. सगळी घरं एका टायमाला दिसत नाय." बोलता बोलता तो चाकी टक् टक् फिरवतच राहिला.

"आन् पडलं तर वाजतं कसं?"

"घोडा काडतुसाला टेकून बसतो. हत्यार घोड्यावर पडलं का आपटी डायरेक काडतुसाला. म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. थोरलं असो धाकटं असो, जुन्या मालाला हाच कायदा. तुझ्या नवऱ्यानं तेवढंच केलं नाय. शिकवलं नव्हतं असं म्हणशील, तर ते बघ."

दारावर पत्र्याची पाटी होती. वर उर्दूत काही, खाली ठोकून काढलेली मराठी. बानाबाईला दोन्ही सारखंच. फकिरानं वाचलं:

रिवालवर बाहेर नेताना
पाच काडतूस भरावे.
हुकूम.

"ज्यांना वाचता येत नाय त्यांच्यासाठी मी आजून सोपं केलंय," तो अभिमानानं म्हणाला आणि हाताची पाच बोटं पसरली. "पंजा! एक हत्यार, एक पंजा. काडतुसंच मी पाचाच्या पुडीत बांधून देतो. पुडी फोडा, पंजा भरा, चला. सहा वर्षांचं लेकरूबी चुकणार नाय."

ती उठली. घरी गेली. भाकऱ्या थापताना तिच्या डोळ्यांपुढं वाघर येत होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. दिवस मावळताना मेंढरं वाघरीत शिरतात तेव्हा किती आली हे तिच्या बापानं कधी मोजलं नव्हतं. तो नुसता उभा राहून बघायचा आणि म्हणायचा, कानी नाय आली, भुरीचं कोकरू नाय आलं. आलेल्यांची मोजणी चुकते, पोरी. नाय आलेलं चुकत नाय.

चौथी भाकरी तव्यावर टाकता टाकता तिचा हात थांबला. भाकरी जळली.


घर चौथं

शनिवारी ती चातीशिवाय आली.

"मामा, एकदा भरून दाखवा. पोकळ काडतुसं असतात ना तुमची शिकवायची, त्यांनी."

"कशाला आता?"

"उद्या दवाखान्यात जायचंय. ह्यांना सांगीन, फकिरामामानं भरलं ते मी बघितलं, तुमी तसं का केलं नाय म्हणून."

तो खूश झाला. पोकळ काडतुसांची पुडी फोडली. ती म्हणाली, थोरलं नको, धाकटं भरा. त्यानं धाकटं उचललं. खिडकी सरकवली. तोंडानं तो तिला अमेरिकेची गोष्ट सांगत होता, तिथं हेर-पोलिसांना दोन इंची नळीचं कसं देतात, आणि बोटं आपलं काम करत होती. बोटांना तोंडाची गरज नव्हती. तीस वर्षांची बोटं ती.

एक. टक्.

दोन. टक्.

तीन. टक्.

चार. टक्.

पाच.

खिडकी बंद. "झालं बघ. पंजा."

"रिकामं घर कोणतं?" बानाबाईनं विचारलं.

"हे काय..." त्यानं खिडकी उघडली. चाकी फिरवली. टक्. भरलेलं. टक्. भरलेलं. पाच टक् झाले. सहावा टक् झाला आणि पहिलंच काडतूस परत समोर आलं.

ओट्यावर माश्या घोंगावत होत्या. फाटकावर पुंजाराम कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

"थोरल्याला घरं सहा," ती म्हणाली. "धाकट्याला पाच. मी काल मोजली, तुमी फिरवत होता तवा. सहा का नाय हो मामा?"

फकिरानं खिडकी बंद केली, परत उघडली. "सहावं घातलं तर चाकी जाड होती. बंडीवर फुगवटा दिसतो. पाच घरं केली का... का चाकी पातळ बसती." हे तो गेली तीस वर्षं जाणत होता. आठही रिव्हॉल्व्हरं त्यानं स्वतः उघडली, घासली, तेल दिलं. प्रत्येकाची पाच घरं स्वतःच्या हातानं पुसली. आणि प्रत्येकाबरोबर पाच काडतुसांची पुडी स्वतःच्या हातानं बांधली.

"ह्यांनी पंजा भरला," बानाबाई म्हणाली.

"चूप."

"तुमी शिकवलं तसंच—"

"चूप बैठ! जा इथून. पुंजाराम, हिला भाईर काढ!" त्यानं धाकटं पोत्याखाली सारलं. "दोन वर्षं राह्यली माझी. दोन. तुला कळतंय का तू काय म्हणून राह्यली?"

"कळतंय. मी कुणाला सांगणार नाय." ती उठली, पदर झटकला. "माझं कोण ऐकणार? सांगायचं असंल तर तुमी सांगा. नसंल तर मी सोमवारी साहेबाच्या खिडकीपाशी उभी राहीन, आन् तुमच्या बोटांकडं बघीन. तेवढंच."

रविवारी दवाखान्यात तिनं भिकनला सगळं सांगितलं. तो ताडकन उठून बसला आणि टाच आपटून कळवळला. साहेबापुढं हे आणि ते बोलीन म्हणून तो तावातावानं सांगू लागला. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"तुमी काहीच बोलायचं नाय. बोललात तर म्हणतील स्वतःची कातडी वाचवतो. एकच मागायचं." आणि ते एक वाक्य तिनं त्याच्याकडून वीस वेळा घोकून घेतलं.


घर पाचवं

चौकशी साहेबाच्या ऑफिसात झाली. बायकोला आत जागा नव्हती. बानाबाई व्हरांड्याच्या खिडकीशी उभी राहिली. पुंजाराम तिला हटवायला आला आणि स्वतःच शेजारी उभा राहिला.

फकिराच्या साक्षीतलं कागदावर जे उतरलं ते असं:

प्रश्न. हत्यार तुम्ही तपासले?
उत्तर. होय.
प्रश्न. सर्व घरे भरलेली होती?
उत्तर. होय.
प्रश्न. एक घर रिकामे ठेवण्याचा नियम शिपायांना ठाऊक आहे?
उत्तर. कोतीवर पाटी आहे.

कागदावर जे उतरलं नाही ते असं. फकिरा हवालदारानं इस्त्रीची वर्दी घातली होती, पण दाढी केली नव्हती. बोलताना त्यानं साहेबाकडं बघितलं, भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. कुबडीवर उभ्या भिकनकडं बघितलं नाही. खिडकीकडं तर नाहीच.

"आरोपीला काही विचारायचंय?" साहेब म्हणाले. साहेब तरुण, मुंबईकडून आलेले, घड्याळाकडं नजर.

भिकननं कुबडी सावरली. "हवालदारसाहेबांनी भरायचं कसं शिकवलं, ते या हत्यारावर एकदा करून दाखवावं. एवढंच मागणं हाय."

"त्याचा इथं काय संबंध?"

"एवढंच मागणं हाय, साहेब."

साहेबांनी खांदे उडवले. टेबलावर आखूड रिव्हॉल्व्हर होतं. पोकळ काडतुसांची पुडी फकिराच्याच खिशात होती. आता ती त्यानं का आणली होती, हे त्यालाच ठाऊक.

बानाबाईनं खिडकीचा गज धरला. चारवर थांबला तर संपलं. चार घालून खिडकी बंद केली, की साहेबाला दिसेल, हवालदार बरोबर शिकवतो, शिपाईच गाफील. पुडीतलं एक काडतूस टेबलावर ठेवायचं, बस्स. तेवढ्यानं त्याची नोकरीची दोन वर्षं वाचत होती.

एक. टक्.

फकिराची बोटं आज सावकाश चालत होती. शनिवारी त्यांना तोंडाची गरज नव्हती. आज त्यांना डोळ्यांचीही गरज पडली.

दोन. टक्. तीन. टक्.

"लवकर," साहेब म्हणाले.

चार. टक्.

पाचवं काडतूस त्याच्या अंगठ्यात आणि बोटात राहिलं. तो त्याच्याकडं बघत राहिला. बानाबाई बोटांकडं बघत होती, सांगितलं होतं तसं. तोंडाकडं तिनं नजर नेली नाही. ती विनवत नव्हती.

फकिरानं पाचवं काडतूस आत घातलं.

खिडकी बंद केली. रिव्हॉल्व्हर साहेबापुढं ठेवलं, मूठ त्यांच्याकडं करून, शिस्तीत.

"असं शिकवलं, साहेब. पंजा."

साहेबांनी ते उचललं. खिडकी उघडली. चाकी फिरवली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, मोजत. घड्याळाकडं बघायचं ते विसरले.

"पण हे तर..."

"व्हय साहेब. सगळं भरलं. माझा हुकूम सहा घरांचा, हे हत्यार पाच घरांचं. शिपायानं हुकूम मोडला नाय. हुकूम पाळला म्हणून त्याची टाच गेली. हे कागदावर घ्या. आजून सात जण हेच घेऊन बाजारात फिरून राह्यलेत, त्यांना आधी बोलवा. मंग माझं काय करायचं ते करा."

लेखनिकानं साहेबाकडं बघितलं. साहेब म्हणाले, "लिही."

सात रिव्हॉल्व्हरं तासाभरात परत आली. सातही गच्च भरलेली होती. एकजण तर कमरेला लावून जेवायला बसला होता.

भिकनवरचा शब्द खोडला गेला. टाच मात्र खोडता येत नव्हती. तो लंगडा तो लंगडाच राहिला, आणि साध्या कपड्यांच्या कामातून त्याची सुटका झाली, कारण लंगडा पोलीस सगळ्या शहागंजाला ओळखू येतो. त्याला कोतीवर मदतनीस म्हणून लावलं. फकिराच्या बाहीवरची एक फीत उतरली. पुंजाराम म्हणाला, गोळी एक आणि जखमी दोघं, असलं हत्यार आपल्या खात्याला परवडायचं नाही.

आठवड्यानं फकिरानं पाटी खाली उतरवली, घासली, आणि रंगाचा डबा घेऊन ओट्यावर बसला. बानाबाई भिकनची भाकरी घेऊन आली होती.

"सांग," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "काय लिहू? थोरल्याला पाच, धाकट्याला चार?"

"उद्या सात घरांचं निघालं तर?"

त्यानं कुंचला डब्यात टेकवला आणि विचार केला. सात घरांची त्यानं पाहिली होती. एक जुनी विलायती जात होती तशी.

"किती घालायची ते लिहूच नका," ती म्हणाली. "कोणतं घर भरायचं नाय तेवढं लिहा."

त्यानं ठोकून ठोकून तीन शब्द काढले. अख्खी दुपार गेली. वाळल्यावर भिकननं पाटी दारावर ठोकली, मागं सरून बघितली, पुन्हा पुढं जाऊन खिळे तीनदा हलवून बघितले.

"काय लिहिलंय?" बानाबाईनं विचारलं.

फकिरानं वाचलं:

घोड्याखाली
घर रिकामे.

"आन् हुकूम?" भिकन म्हणाला. "खाली हुकूम लिहायचं राह्यलं की, मामा."

"नाय राह्यलं," फकिरा म्हणाला, आणि कुंचला पुसायला घेतला.